विमानविद्या आणि पोटापाण्याचा प्रश्न



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला येथे बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. या व्यासपीठावरून दरवर्षी राजकारण, साहित्य, अध्यात्म अशा थोर विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. माझा आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. मुलाने किंवा मुलीने कोणता व्यवसाय पत्करावा, हा तो विषय. आणि त्यातलाही एकच व्यवसाय मी आज निवडला आहे. तो म्हणजे विमाने आणि अग्निबाण बांधणाऱ्या इंजिनियराचा.

हा विषय मला का सुचला तेही सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या आळीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. सहकारी पतपेढीत कारकून आहेत. मुलगी यंदा बारावीला बसली. ती दहावीत असताना, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चांद्रयान चंद्रावर उतरले. शाळेच्या सभागृहात बसून तिने तो सोहळा पाहिला आणि तेव्हापासून एकच ध्यास घेतला की आपण विमान-अवकाश इंजिनियर व्हायचे. गृहस्थ मला म्हणाले, "सर, पोरीचे बोलणे ऐकले की अंगावर मूठभर मांस चढते, पण रात्री झोप लागत नाही. खासगी कॉलेजात घालायचे तर राहते घर गहाण पडेल. आणि शिकून झाल्यावर तिथे नोकरी मिळते का हो?"

मी जन्मभर इंजिनियरिंगच्या मुलांना शिकवले, पण या साध्या प्रश्नाला चटकन उत्तर देणे मला जमले नाही. "आठ दिवसांनी या," असे सांगून मी त्यांना परत पाठवले. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच आज आपल्यापुढे मांडत आहे.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. विमानाशी संबंध असलेली तीन माणसे निरनिराळी आहेत. विमान चालवतो तो वैमानिक. उड्डाणाआधी विमान तपासून, ते उडण्यास योग्य आहे अशी सही करतो तो देखभाल करणारा परवानाधारक. त्याचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि त्याचे शिक्षणही वेगळ्या, मान्यताप्राप्त संस्थांतून होते. तिसरा, म्हणजे पंखाचा आकार कसा असावा, सांगाडा किती भार सोसेल, इंजिन किती ओढेल, याचे गणित मांडतो तो विमान-अवकाश इंजिनियर. पुष्कळ पालकांची समजूत अशी की इंजिनियरिंगची पदवी मिळाली म्हणजे विमानतळावर नोकरी ठरलेली. तसे नाही. नुसत्या पदवीच्या जोरावर साध्या प्रवासी विमानावरही सही करता येत नाही. सन २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. वर्तमानपत्रांतून मोठे मथळे आले आणि अनेकांनी आपली मुले विमानविद्येच्या वर्गात घातली. परंतु विकत घेतलेल्या विमानाला वैमानिक लागतात, देखभाल करणारे लागतात, सेवक लागतात. आराखडा करणारे लागतात ते विमान जिथे बनते तिथे. लग्नात पंगती वाढल्या म्हणजे वाढप्यांना काम मिळते. तांदूळ पिकवणाऱ्याची चौकशी करायची तर शेतावरच जावे लागते.

तेव्हा आपण शेतावर जाऊ.

आपल्याकडे जमीन दोन प्रकारची. एक बागायत, एक जिरायत. बागायतीला विहिरीचे, पाटाचे पाणी. उत्पन्न बेताचे असेल पण भरवशाचे. जिरायतीला पाऊस येईल तेव्हा पाणी. आला तर कणगी भरते, न आला तर बियाणेही जाते. विमान आणि अग्निबाण यांचा धंदा, माझ्या मते, जिरायती आहे. कारण या धंद्याचे गिऱ्हाईक फार थोडे. सायकली, शिवणयंत्रे, औषधे यांना लक्षावधी गिऱ्हाइके असतात. एकाने पाठ फिरवली तर दुसरा येतो. लढाऊ विमानाचे गिऱ्हाईक बहुधा एकच, आणि ते म्हणजे सरकार. त्याने मागणी काढली की पाऊस, आणि मागणी रद्द केली की दुष्काळ.

हे मी तर्काने बोलत नाही, घडलेले सांगतो. कॅनडात टोरोंटोजवळ अॅव्हरो नावाची कंपनी होती. 'अॅरो' नावाचे, त्या काळी जगात अव्वल ठरेल असे लढाऊ विमान तिने बांधले. २० फेब्रुवारी १९५९ रोजी, शुक्रवारी, कॅनडाच्या पंतप्रधानांनी ही योजना रद्द केल्याचे संसदेत जाहीर केले. त्याच दिवशी कंपनीतले सुमारे १४ हजार लोक बेकार झाले. तयार विमानेसुद्धा कापून भंगारात घालण्यात आली. विमानात दोष नव्हता, इंजिनियरांच्या बुद्धीत तर नव्हताच. सरकारचे मन आणि हिशेब बदलला, एवढेच.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. चंद्रावर माणूस उतरवण्याच्या अपोलो योजनेत भर उमेदीच्या काळात सुमारे ४ लाख लोक कामाला होते. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला. जगाने टाळ्या वाजवल्या. पण त्याच्या आधीच कामगारकपात सुरू झाली होती. ओझे उतरले की हमालाला रजा, तसा प्रकार. सिएटल हे बोइंग कंपनीचे शहर. त्या भागात १९६७ च्या सुमारास कंपनीची माणसे जवळजवळ १ लाख होती. १९७१ च्या वसंतात ती ३९ हजारांच्या आसपास उरली. आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाची योजनाही त्याच वर्षी मार्चमध्ये रद्द झाली. शहरात बेकारी शेकडा १२ च्या वर गेली. तेव्हा कोणी तरी रस्त्याच्या कडेला मोठी पाटी लावली होती. तिचा मतलब असा, की सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने जाताना दिवे तेवढे मालवावेत! थट्टा खरी, पण तिच्यात रडू भरलेले आहे. पुढे २०११ च्या जुलैत अमेरिकेचे स्पेस शटल शेवटचे उडाले, तेव्हा फ्लोरिडात पुन्हा हजारो लोकांवर हीच पाळी आली.

पण याच गोष्टींची दुसरीही बाजू आहे. अॅरो रद्द झाल्यावर त्या कंपनीतले तीसबत्तीस इंजिनियर अमेरिकेच्या नासा संस्थेत गेले. त्यांच्यातले जिम चेंबरलिन हे पुढे जेमिनी अवकाशयानाच्या रचनेत प्रमुख ठरले. आणि आज सिएटल ओसाड पडलेले नाही, हे आपण सर्व जाणतो. तात्पर्य, जिरायतीत पाऊस येतो. फक्त तो आपल्या सवडीने येत नाही.

आता आपल्या घरी या. हिंदुस्थानात विमानाचा कारखाना काढण्याचे पहिले धाडस एका सोलापूरच्या माणसाने केले. शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापली. युद्ध पेटलेले होते. १९४२ साली सरकारने तिचा कारभार आपल्या हाती घेतला. त्याच साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची घडी बसवली कोल्हापूर भागातल्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी. जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली ते शिकले होते. पुढे कारखान्यात जाऊन त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान रचले. ते १९५१ साली उडाले, दीडशेहून अधिक बांधली गेली आणि आपल्या हवाईदलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्याच विमानावर गिरवले.

मग आले 'मारुत'. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली आपल्या इंजिनियरांनी हे लढाऊ विमान उभे केले. १९६१ च्या जूनमध्ये ते उडाले. १४७ विमाने झाली. १९७१ च्या युद्धात त्यांनी कामगिरीही बजावली. उणीव एकच, की अंगाला साजेसे ताकदवान इंजिन त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही. पुढची सुधारलेली आवृत्ती निघाली नाही आणि मारुत हळूहळू निवृत्त झाले. त्यानंतर आपल्या स्वतःच्या आराखड्याचे नवे लढाऊ विमान, म्हणजे तेजस, उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी.

या दोन तारखांकडे जरा लक्ष द्या. १९६१ आणि २००१. मधे चाळीस वर्षे गेली. मारुतवर काम केलेला २५ वर्षांचा तरुण तेजस उडाले तेव्हा ६५ वर्षांचा झाला होता, म्हणजे पेन्शनीत निघून बरेच दिवस लोटले होते. त्याने चुकून जे शिकले, हाताला जी सवय लागली, ती शेजारच्या टेबलावरच्या पोराला देण्यापूर्वीच टेबल उठले. या माणसाची नोकरी गेली नव्हती. पगार महिन्याच्या महिन्याला मिळत होता. पण सुताराला पगार देऊन लाकूड न देण्यासारखे ते होते. म्हणून मी म्हणतो की अमेरिकेत दुष्काळ पडला तेव्हा माणसे बेकार झाली. आपल्याकडे विद्या बेकार झाली. दोन्हींत वाईट कोणते, याचा विचार आपणच करावा.

आज काय स्थिती आहे? माझ्या समजुतीप्रमाणे सध्या पावसाची चिन्हे बरी आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांची आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी सरकारने नोंदवली. नाशिकजवळच्या ओझरच्या ज्या कारखान्यात एके काळी मिग विमाने बनत आणि नंतर सुखोई बनू लागली, तिथे बांधलेले पहिले तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले. त्याच्या थोडेच आधी, २६ सप्टेंबरला, मिग-२१ हवाईदलातून निवृत्त झाले होते. म्हणजे ओझरच्या दृष्टीने एका पिढीचे पीक निघाले आणि दुसऱ्याची पेरणी झाली. पुढच्या पिढीच्या विमानाच्या रचनेसाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर झाले. वडोदऱ्याला वाहतुकीच्या विमानांचा खासगी कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. नागपूरच्या मिहानमध्ये परदेशी विमानांचे भाग बनतात. मात्र तेजसला लागणारी इंजिने अजून अमेरिकेतून येतात, ती वेळेवर आली नाहीत आणि विमानेही ठरल्या मुदतीत मिळाली नाहीत. मारुतचे दुखणे अजून पुरते बरे झालेले नाही, हे विसरून चालणार नाही.

अवकाशाच्या क्षेत्राविषयी थोडे बोलतो, कारण मुलांचे डोळे तिकडे लागलेले असतात. इस्रो ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. तिच्या कीर्तीच्या मानाने तिचा संसार लहान आहे. सगळे मिळून सतरा हजारांच्या आसपास माणसे. त्यात दरवर्षी नव्याने घेतल्या जाणाऱ्यांची संख्या किती असणार, याचा अंदाज आपणच करा. शिवाय इस्रोच्या भरतीच्या जाहिराती नीट वाचल्या तर दिसते की मोठी मागणी यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या शाखांच्या पदवीधरांना असते. अग्निबाण म्हणजे पंपही आहे, टाकीही आहे, तारांचे जाळेही आहे. तिरुअनंतपुरमला २००७ साली अवकाशविद्येची खास संस्था निघाली आहे. तिथला प्रवेश मिळाला तर सोन्याहून पिवळे, पण तिथल्या जागाही मोजक्याच.

२०२० साली सरकारने हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट या कंपनीचा आणि मे २०२४ मध्ये अग्निकुल या कंपनीचा अग्निबाण उडाला. या कंपन्या तरुणांनी काढलेल्या आहेत आणि तरुणांना कामावर घेतात. पण दुसऱ्याच्या भांडवलावर चाललेला हा नवा संसार आहे. काही टिकतील, काही बसतील. आणि एक गोष्ट आपण मराठी माणसे नेहमी विसरतो. इस्रोची इंजिने विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनत आली आहेत. अग्निबाणांची कवचे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनत आली आहेत. तिथे वेल्डिंग जाणणारा, धातू जाणणारा, मोजमापात केसाची चूक न करणारा माणूस लागतो. तोही अवकाशाचेच काम करतो. फक्त त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही.

आता परदेशाचा विचार. पुष्कळांच्या मनात असते की इथे जागा नसतील तर अमेरिकेला धाडू. अमेरिकेत या इंजिनियरांना वर्षाला सरासरी सव्वा लाख डॉलरहून अधिक पगार मिळतो, हे खरे. पण सगळ्या अमेरिकेत असे इंजिनियर सत्तर हजारांच्या आसपास. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे मात्र पंधरा लाखांहून अधिक. आणि मोठी अडचण पुढेच आहे. अग्निबाण, लढाऊ विमाने, उपग्रह यांच्या विद्येला तिथला कायदा शस्त्रास्त्रांप्रमाणे वागवतो. अशा कामावर बहुतेक तिथले नागरिक किंवा कायमचा रहिवास मिळालेले लोकच घेतले जातात. विद्यार्थी म्हणून गेलेला आपला मुलगा विद्यापीठात पहिला आला तरी पुष्कळशा कारखान्यांचे दार त्याला बंदच असते. कल्पना चावला यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. चंदीगडला विमानविद्येची पदवी घेऊन त्या १९८२ साली अमेरिकेला गेल्या, तिथे एम. एस. झाल्या, डॉक्टरेट मिळवली. १९९१ साली त्या तिथल्या नागरिक झाल्या आणि त्यानंतर, १९९४ च्या अखेरीस, अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली. बुद्धी आधीपासून होतीच; पण कागदही लागला. ही गोष्ट परदेशी शिक्षणाच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत छापलेली मी तरी पाहिली नाही. म्हणून घर गहाण टाकण्याआधी ती पालकांना कळलीच पाहिजे.

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले, बरोबर मुलीलाही घेऊन आले. मी तिला हेच सगळे सांगितले आणि शेवटी चार गोष्टी सुचवल्या. एक, आवारात जुने विमान उभे करून फी उकळणाऱ्या कॉलेजसाठी वडिलांना कर्जात घालू नकोस. चांगल्या सरकारी संस्थेत विमानविद्येला प्रवेश मिळाला तर घे. न मिळाला तर चांगल्या कॉलेजात यंत्रशाखा घे. दोन, विमानाची विशेष विद्या पदवीनंतर, गेट परीक्षा देऊन शीक. तिथे विद्यावेतन मिळते, वडिलांपुढे हात पसरावा लागत नाही. तीन, प्रवाहाचे गणित, सांगाड्याचे गणित आणि नियंत्रणाची विद्या या तिन्हींचा पाया पक्का कर. वारा विमानाच्या पंखावरून वाहतो तसाच पवनचक्कीच्या पात्यावरूनही वाहतो. दुष्काळ पडला तर हीच विद्या मोटारीत, पवनचक्कीत, पंपात तुला पोसेल. चार, सुट्टीत कुठल्या तरी कारखान्यात जाऊन हात काळे कर.

मुलगी सगळे लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, "सर, मारुतनंतरच्या त्या चाळीस वर्षांत त्या लोकांनी काय केले?"

प्रश्न ऐकून मी क्षणभर थांबलो. मग तिला सांगितले, की काहींनी परदेशी विमाने जुळवली, काही दुसऱ्या धंद्यात गेले आणि काहींनी शिकवले. घाटग्यांनी ज्याची घडी बसवली त्या विभागात पुढे सतीश धवन प्रमुख झाले आणि १९७२ साली तेच धवन इस्रोचे अध्यक्ष झाले. लढाऊ विमान उडत नव्हते तेव्हाही वर्ग भरत होते. वर्ग बंद पडले असते तर तेजसही उडाले नसते आणि कदाचित चांद्रयानही.

तिने मान डोलावली. जाताना वडील म्हणाले, "म्हणजे सर, शिकवायला हरकत नाही, पण घर गहाण टाकायचे नाही, असेच ना?" मी म्हटले, "अगदी असेच."

श्रोतेहो, त्या मुलीने काय करावे हे मी सांगितले. आपण काय करावे, एवढे सांगून पुरे करतो. चांद्रयान उतरले त्या दिवशी आपण पेढे वाटले, ते योग्यच केले. परंतु या विद्येला पेढ्यांपेक्षा पाटाच्या पाण्याची गरज आहे. एक विमान पुरे होण्याआधी दुसऱ्याचा आराखडा टेबलावर आला पाहिजे. एक योजना फसली तरी तिच्यातली माणसे पुढच्या योजनेत गेली पाहिजेत. हे सरकारचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण सरकारकडे वर्षानुवर्षे सातत्याने मागत राहणे हे नागरिकांचे काम आहे. फसलेल्या उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी जो समाज इंजिनियरांची टिंगल करतो, त्याच्या पदरात चाळीस वर्षांची पोकळी येते. जिरायत बागायत करता येते. त्यासाठी पाट खणावे लागतात, आणि पाट एका हंगामात खणून होत नाहीत.

त्या मुलीच्या वाट्याला पावसाची वर्षे येतील की कोरडी, हे मला माहीत नाही. पण कोरडी आली तर त्याचा दोष तिच्या निवडीचा मानू नये, एवढीच माझी विनंती आहे.